ठोकळा धरणारी

४ मे १९९१

आलो बाई एकदाचे! ओहायोहून निघाल्याला चार दिवस झाले, पाठीचा पार भुगा झालाय. पण आज दुपारी ट्रेलर आमच्या जागेवर येऊन उभा राहिला आणि क्लेटन त्याच्याभोवती अशा चकरा मारायला लागला, की सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्याभोवती तो तसा कधी फिरला नव्हता.

गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर ते, १९५३ सालचं, बावीस फुटी, वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमचं. क्लेटनला तो चांदीचा दिसतो. मला चेपलेला डबा दिसला, पण मी तोंड आवरलं. विकणारा म्हातारा हॉलिस गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो आणि त्याची बायको आयडेल या ट्रेलरमधून अर्धा देश फिरले. आयडेल चार वर्षांपूर्वी गेली. आम्ही ट्रेलर ओढून नेला तेव्हा हॉलिस बाहेर आलासुद्धा नाही.

शेजारीण ओफेलियाने लगेच भांडंभर गरम तमाले, मक्याच्या पानात वाफवलेले, आणून दिले. जागा छान आहे. राहायला दोन खोल्यांचं घर, समोर एक मेस्किटचं झाड, मागे डोंगर. ऑक्टोबरात जुन्या ट्रेलरवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे आपला ट्रेलर आरशासारखा चमकवून न्यायचा, असं क्लेटनने ठरवून टाकलंय.

मी या खुळाला हो का म्हटलं ते इथे खरं लिहून ठेवते. आयुष्यभर तो बस चालवत राहिला. सगळा गोडवा प्रवाशांना, घरी आला की गप्प. आता निवृत्त झालाय. एकच काम दोघांनी मिळून करायचं, म्हणजे उरलेला माणूस तरी माझ्या वाट्याला येईल. मत्सरी म्हणा हवं तर. आहेच मी.

११ मे

आठवडाभर आतलं सगळं उपसतोय. कपाटं, गाद्या, आतला पत्रा, त्यामागे ऊन-थंडी अडवायला भरलेली कुजकी लोकर आणि उंदरांची घरटी. आता आत उभं राहिलं की बाहेरचा पत्रा उघडा दिसतो, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगाच रांगा. पॉलिशचे ओरखडे पडू नयेत म्हणून क्लेटनने खिडक्यांना बाहेरून जाड कागद चिकटवलाय. आतलं बाहेर दिसत नाही, बाहेरचं आत दिसत नाही.

दुपारी दाराशी बसून दोघांनी बर्फाचा चहा प्यायला. त्याने माझ्या केसांतली लोकर काढली. किती वर्षांनी, देव जाणे.

१९ मे

हॉलिस शेवटी आला, रिव्हेट मारायला शिकवायला. हे काम एकट्याने होतच नाही. बाहेरचा माणूस हवेच्या बंदुकीने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकतो, आतला माणूस त्याच वेळी तिच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे शेपटी चपटी होऊन पत्रा पक्का बसतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून आतल्याने पत्र्यावर टकटक करून सांगायचं. एकदा म्हणजे झालं, पुढची घे. दोनदा म्हणजे अजून ठोक.

आयडेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या कारखान्यात हेच काम करायची. तिचा ठोकळा हॉलिसने मला दिला. अंगठ्याच्या जागी लोखंड झिजून गुळगुळीत झालंय. तिच्याइतका हलका हात त्याने दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. क्लेटन मान डोलावत ऐकत होता. मेलेल्या बाईचं कौतुक, आणि मिरच्या मला झोंबल्या.

जाता जाता हॉलिसने कारखान्याचा एक नियम बजावला. रोज पहिल्या रिव्हेटच्या आधी आतल्याला नावाने हाक मारायची आणि तोंडाने ‘ओ’ ऐकू आल्याशिवाय बंदूक चालवायची नाही. टकटकीवर भागवायचं नाही.

२३ मे

साठातल्या बावीस रिव्हेटा वाकड्या. माझा खांदा दुखतो, ठोकळा घसरतो. क्लेटन रागावत नाही, नुसता सुस्कारा टाकतो. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. रात्री ताट घेऊन ट्रेलरपाशी जाऊन बसला. हाक मारायचंही दोन दिवसांत सोडून दिलं. म्हणाला, आत तुझ्याशिवाय असणार कोण.

२७ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी मी ओफेलियाकडे वाळक्या लाल मिरच्यांची देठं काढायला गेले. क्लेटनला तसं ओरडून सांगितलं होतं, पण तो पॉलिशच्या यंत्रावर होता, त्याने ऐकलं नसावं. दोन तास गप्पा मारल्या. परत येते तर क्लेटन मागच्या बाजूला शीळ घालत उभा. मला पाहताच त्याने माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाला, “नोरीन, पासष्ट मारल्या आणि एक वाकडी नाही! कुठे लपवून ठेवला होतास गं हा हात?”

मी आत जाऊन पाहिलं. पासष्टच्या पासष्ट शेपट्या, एकसारख्या, नाण्यांसारख्या चपट्या. ठोकळा खाली नीट ठेवलेला, आणि कोमट.

बाहेर येऊन खरं सांगायला हवं होतं. पण तो असा बघत होता माझ्याकडे. मी म्हटलं, जमलं बाई आज कसं तरी.

३० मे

मुद्दाम पाहिलं. सकाळी कॉफी झाल्यावर मी ट्रेलरच्या दाराशी गेले आणि आत न जाता वळसा घालून मेस्किटच्या झाडामागे बसले. क्लेटन आला. हाक नाही, काही नाही. बंदूक लावली, ठोकलं.

टक.

पुढची. टक. पुढची. टक टक, म्हणून त्याने आणखी जरा ठोकलं. टक.

भरदिवसा माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला लिहू, काटा ओसरल्यावर जे उरलं ती भीती नव्हती. त्यांची लय जमली होती. सव्वीस वर्षांत आमची अशी लय कधी जमली नाही, ना स्वयंपाकघरात, ना बिछान्यात. आणि तो हसत होता, पत्र्याकडे बघून.

जेवताना त्याने पुन्हा कौतुक केलं. मी पुन्हा ऐकून घेतलं.

२ जून

आज काम चालू असताना आत गेले.

आत कुणी नाही. ठोकळा भिंतीला चिकटलेला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, अधांतरी. बाहेरून बंदूक सुरू झाली की तो थरथरत होता. मग टक. मग सरकत सरकत पुढच्या रिव्हेटवर. एखाद्या बाईने वाकून सरकावं तसा, घाई न करता.

मी धावत जाऊन हिसकावला. त्या दिवशी कोमट होता, आज बर्फासारखा गार. त्या उकाड्यात! बाहेरून क्लेटनने ठोकलं, माझा हात घसरला, रिव्हेट वाकडी. त्याचा तो सुस्कारा पत्र्यातून ऐकू आला.

आणि मग त्याने बोटांनी पत्र्यावर तीन टकटक केल्या. हळूच.

तीनचा अर्थ मला कुणी शिकवलेला नाही. मी काय उत्तर देणार? थोड्या वेळाने त्याने विचारलं, रुसलीस का. म्हणजे रोज उत्तर मिळतं त्याला. रोज ती देते. सटवी!

५ जून

हॉलिसकडे गेले. म्हाताऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

आयडेल त्या ट्रेलरमध्येच गेली, ठोकळा हातात असताना. डाव्या बाजूचा पत्रा बदलत होते दोघं. हॉलिसने ठोकत जायचं, तिने टकटक करत जायची. जेवायला बाहेर येईना म्हणून आत गेला तर ती खाली पडलेली, अंग गार. डॉक्टर म्हणाला, जाऊन दोन तास झालेत. त्या दोन तासांत हॉलिसने ऐंशी रिव्हेटा मारल्या होत्या आणि प्रत्येकीला उत्तर आलं होतं. त्यानंतर चार वर्षं तो रोज तिथे जाऊन पत्र्याला कान लावून बसायचा. जेवण सुटलं, म्हणून विकला. आम्हाला आधी सांगितलं नाही याची त्याला लाज वाटते, असं तो म्हणाला. वाटायलाच हवी.

मग त्याने विचारलं, “तुम्ही नवऱ्याला सांगितलंत ना, की तो हात तुमचा नव्हता?”

मी हो म्हटलं. धडधडीत.

तो म्हणाला, “मी रोज तिला तिच्या नावाने हाक मारायचो, म्हणून ती आयडेल राहिली. तिचं नाव तिला राहू द्या, बाई. तुमचं तिला देऊ नका.”

येताना ठरवलं, आज सांगायचंच. क्लेटन दारात उभा होता. खूश. म्हणाला, आजचं काम सगळ्यात सुरेख झालं. आज मी दिवसभर घरीच नव्हते. आणि सांगून काय होईल? तो तिला तिच्या नावाने हाक मारील. रोज सकाळी. लाडाने.

मी म्हटलं, हो ना, खांदा आता दुखत नाही.

८ जून

जेवताना क्लेटनने माझा हात हातात घेतला. अंगठा चाचपला. म्हणाला, आज तुझा हात वेगळाच लागतोय, परका वाटतो. आणि सोडून दिला.

माझा हात. परका.

९ जून

ओफेलिया भांड्याबद्दल आभार मानत होती. काल मी तिचं भांडं घासून परत नेऊन दिलं म्हणे. बराच वेळ बसले, विमानाच्या कारखान्यातल्या गमती सांगितल्या.

भांडं मी दिलेलं नाही. काल मी दिवसभर पडून होते.

ओफेलिया म्हणाली, तू हल्ली किती छान हसतेस.

१० जून

क्लेटन दोनदा माझ्या शेजारून गेला. पाहिलंच नाही. तिसऱ्यांदा दचकला — म्हणाला, तू आत्ता बाहेर होतीस ना?

उद्या मागचा शेवटचा पत्रा. उद्या मी तिच्या आधी आत जाऊन बसणार. ठोकळा माझा, नवरा माझा. बघू कोण उठवतं.

११ जून, सकाळ

आत आहे. तो आला नाही अजून. वही ॲप्रनच्या खिशात होती.

ठोकळा धरून बसलेय. ती नाही कुठे. घाबरली असेल.

आला. बंदूक. टक — मीच केली! सरळ बसली. दुसरी. टक. तिसरी सरळ. खांदा दुखत नाही. खरंच दुखत नाही. किती सोपं आहे, आणि मी उगाच —

चाळीस झाल्या. एक वाकडी नाही. आता त्याला कळेल.

डावा हात ठोकळ्यावरून सुटत नाहीये. उजव्याने लिहिते. अंगठा बरोबर बसलाय त्या झिजलेल्या जागेत. गार —

हाक मारली त्याला. तोंड उघडलं. आवाज आला तो टक. फक्त टक. तो म्हणाला, शाब्बास.

पुन्हा हाक. टक. त्याने पुढची घेतली.

त्याने तीन केल्या. मी तीन केल्या. क्लेट, मी आहे, मी —

बाहेर कुणीतरी आलं. कॉफीचे कप वाजले. बाईचा आवाज. माझा आवाज. अगं, तू इथे, तो म्हणाला. मग आत कोण आहे?

ती हसली. छान हसते.

तो दारात आलाय. माझ्याकडे बघतोय. सरळ माझ्याकडे — भिंतीकडे. म्हणाला, कुणी नाही गं नोरीन.

तिला म्हणाला. नोरीन.

तीन टकटक केल्या. जोरात. त्याने कान दिला. क्लेट, ऐक —

तो तिला म्हणाला, ऊन चढलं की पत्रा असाच वाजतो. कपाला कप लागला. जातायत दोघं. पुन्हा तीन. पुन्हा ती