सबुरीचा तक्ता

१४ जानेवारी

रॉस तळाला! सगळ्यात खाली!

नोएलीनने सकाळी तक्ता लॅबच्या फ्रिजवर चिकटवला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'इतकी वर्षं हा म्हातारा आम्हाला सबुरी शिकवतोय, आणि बघा आता!'

दर जानेवारीत, बाहेरचे लोक यायच्या आधी, यंत्र नीट चालतंय ना हे बघायला आम्ही लॅबमधलेच सगळे एकेक करून स्कॅनरमध्ये आडवे होतो. डोळ्यांसमोर प्रश्न येत राहतात – आज शंभर डॉलर, की जुलैत दीडशे? आज साठ, की पुढच्या जानेवारीत शंभर? बटण दाबायचं. शेवटी चिठ्ठी टाकून एक उत्तर निवडायचं आणि ते पैसे खरोखर द्यायचे, कारण यंत्रात झोपलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही हा रॉसचा पहिला नियम. मग यंत्र चालवणारी आमची नोएलीन कोण किती थांबायला तयार झालं त्याचा क्रम लावते. रॉस गेटनबी कायम पहिला. त्याचे पैसे जुलैत यायचे, इथल्या ऐन थंडीत त्या पैशांचा केक यायचा आणि केकबरोबर थांबण्याच्या फायद्यांवर भाषण फुकट.

या वेळी प्रत्येक प्रश्नाला 'आज'. एकदाही थांबला नाही.

मी मधे कुठेतरी. मी नेहमीच मधे असते.

१५ जानेवारी

चिठ्ठीत रॉसचे शंभर निघाले. दुपारीच सगळ्यांसाठी स्कॅलप, म्हणजे शिंपल्याचं सारण भरलेल्या गरम पेस्ट्री घेऊन आला. स्वतः पेस्ट्रीला हात लावला नाही, खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक मात्र दोन खाल्ले. गोड खाणाऱ्यांची टिंगल करणारा माणूस!

२१ जानेवारी

रॉसने खोलीत बोलावलं. मला वाटलं, मसुद्यावरून झाडणार.

'मेरिन, मार्चमध्ये ती कायमची जागा भरतायत. समितीत मी आहे. तुझं नाव लावून धरणार.'

माझा आ वासलेला.

'अगं, तोंड मिट. सहा वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती तुला. माझीच चूक. आणि त्या मोठ्या लेखावर पहिलं नाव तुझं घाल. माझं शेवटी.'

चौदा वर्षांत या माणसाने माझ्या कागदावर 'ठीक' यापलीकडे काही लिहिलेलं नाही. जूनमध्ये माझा करार संपतो – सहावा. त्रेचाळीसची झाले. मेंदू आणि पैशाचे निर्णय असला विषय घेऊन बसलेली अख्ख्या होबार्टमध्ये ही एकच लॅब. इथे जागा मिळाली नाही तर घर विका, मेलबर्नला जा, आणि पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली वर्षावर्षाच्या करारावर राबा. आणि हा म्हणतो, लावून धरणार!

गाडीत बसून रडले. आनंदाने. मग पुलावर आले आणि एकेक गोष्ट जुळायला लागली. उतावीळपणा. अचानक आलेलं औदार्य. गोडाची ओढ. ही यादी मी दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. कपाळामागचा मेंदू झिजायला लागला की माणूस असा बदलतो.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. जन्मभर चिकट माणूस, एका उन्हाळ्यात ट्रॅक्टर शेजाऱ्याला देऊन मोकळे झाले. आम्ही सगळे म्हणालो, म्हातारपणी किती गोड झालेत!

२२ जानेवारी

नाही. माझ्याच मनाचे खेळ. माणूस जरा सैलावला, एवढंच.

१० फेब्रुवारी

रेगाटाची, होड्यांच्या शर्यतीची सुट्टी. नोएलीनचा फोन – रॉसने होडी तिला देऊन टाकली! ती लाकडी होडी. स्वतःच्या हाताने दोन हिवाळे घासलेली. बूट घालून चढलं तर ओरडायचा. 'नको म्हटलं गं मी,' नोएलीन सांगत होती, 'तर म्हणतो, घे, नाहीतर पडून पडून शिंपले चिकटतील तिला.'

त्यात परवाची विभागाची बैठक. आमच्या अधिष्ठाता प्रू हॅलम पुढच्या पाच वर्षांचं धोरण समजावत होत्या. मधेच रॉस मोठ्याने हसला. 'पाच वर्षं! प्रू, तुझ्या हिमतीला मानलं बाई!' बाकीचे मान खाली घालून कागद चाळायला लागले. त्याला काहीच वाटलं नाही. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालीय त्याची. सायकल जास्त चालवत असेल.

१२ फेब्रुवारी

बघायचं नाही असा नियम आहे. स्कॅनरमधल्या चित्रांत कोणी रोग शोधायचा नाही, सांगायचा नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. बघितलं.

रॉसची ही घाईची चित्रं, धड काही दिसत नाही. पण पुढच्या बाजूला, कवटी आणि मेंदूच्या मधे, फट जास्त वाटली. त्याच्या वयाच्या अर्ध्याअधिक लोकांत असते तेवढी. की जास्त? तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ती फट अजून रुंद वाटली.

आता मला माहीत आहे. आता मला माहीत नाही असं म्हणता येणार नाही.

१९ फेब्रुवारी

काय करायचं? गप्प बसले तर अकरा मार्चच्या बैठकीत जागा माझी – एका आजारी माणसाच्या आजाराच्या जोरावर. बोलले तर त्याचं मत रद्द, आणि समितीत माझ्या बाजूने बोलणारं दुसरं कुत्रंही नाही. शिवाय एप्रिलमध्ये तो तीन मुलांच्या प्रबंधांवर निकाल देणार आहे. उद्या कोणी म्हणालं, माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तर त्या पोरांनी काय करायचं?

लोक निर्णय कसे घेतात हे मी पोटापाण्यासाठी शिकवते. हसूही येत नाही.

२१ फेब्रुवारी

नोएलीनला सांगून टाकलं. होडी आमच्यामध्ये, ती तिला तेल लावत होती. हात थांबवला नाही तिने.

'समजा आहे. मग?'

'मग म्हणजे? कोणीतरी बोलायला हवं.'

'बोल की. जागा मिळाल्यावर बोल. दोन-तीन आठवड्यांनी काय फरक पडतो?'

'मला पडतो.'

'तुला ना मेरिन, सुखाचा घास गोड लागत नाही.' मग तेलाचं फडकं बदलत, हळूच: 'म्हातारा पहिल्यांदा आनंदात दिसतोय गं. राहू दे ना त्याला.'

बाबांच्या वेळी आईही हेच म्हणायची.

२६ फेब्रुवारी

आज रॉसलाच विचारलं. नीट, सरळ. म्हटलं, 'तू डॉक्टरकडे जाऊन आलास का एवढ्यात?'

'जातो की! दर मंगळवारी. चहा चांगला असतो तिथला.'

'रॉस, चेष्टा नको.'

'चेष्टा कुठे करतोय? बिस्किटंही देतात.' आणि माझ्या गालावर हलकेच चापट मारली. चौदा वर्षांत या माणसाने साधा हात मिळवला नव्हता माझ्याशी! मी दारापर्यंत गेले तर मागून म्हणाला, 'अकरा मार्चपर्यंत कळ काढ. मग काय हवं ते विचार.'

विषय टाळणं. प्रश्नाचं गांभीर्य न कळणं. यादीतल्या आणखी दोन गोष्टी.

३ मार्च

डोंगरावरून वारा सुटलाय. उद्या प्रूंची वेळ घेतली आहे. दोनदा रद्द करून परत घेतली.

४ मार्च

सांगितलं.

प्रूंनी पेन खाली ठेवलं. 'तुम्ही कोणाबद्दल बोलताय, आणि कोणत्या आठवड्यात, हे कळतंय ना तुम्हाला?'

'कळतंय.'

'तुमच्यासाठी भांडणारा तो एकटाच आहे. हे मी तुम्हाला सांगायला नको खरं तर.'

'म्हणूनच आज आले. निकालानंतर आले असते तर तुम्ही माझ्याकडे कशा नजरेने बघितलं असतं?'

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, त्याला समितीवरून बाजूला काढावं लागेल, तपासणी होईपर्यंत सह्याही बंद. कारण विचारलं तर सांगावं लागेल. कोणी सांगितलं, तेही तो विचारेल.

'सांगा,' म्हटलं. बाहेर आल्यावर हलकं वाटलं. योग्य तेच केलं मी. स्वतःचं नुकसान करून केलं – आणखी काय करायचं माणसाने?

६ मार्च

जिन्यात रॉस समोर आला. कठड्याला धरून उभा होता. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

'एक आठवडा, मेरिन,' एवढंच म्हणाला. 'एक आठवडा थांबली असतीस.'

आणि मला वाट देण्यासाठी भिंतीला टेकला.

११ मार्च

ब्रिस्बेनच्या एका माणसाला मिळाली. चांगला आहे म्हणतात. समितीने माझं कौतुकही केलं म्हणे. कौतुक!

१२ मार्च

नोएलीन बोलत नाही माझ्याशी. फ्रिजवरचा तक्ता काढून टाकलाय.

१४ मार्च

रॉसची तपासणी झाली. तीन तास बसवलं त्याला. त्यातला एक खेळ तर मीच बनवलेला आहे, त्या लेखातला. माझ्याच मापाने त्याला मोजलं. जॉसलिनने, त्याच्या बायकोने, गाडीत घालून आणलं आणि नेलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. गाडीत बसताना तिने त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. चालणंही बिघडलं म्हणजे. इतक्या लवकर!

घर विकायचं ठरवलं. दलाल शनिवारी येणार.

१९ मार्च

प्रूंनी बोलावलं. अहवाल समोर होता. मला वाचायला दिला नाही.

'निर्णयशक्ती शाबूत. स्मरण उत्तम. त्याच्या वयाच्या माणसात असा मेंदू क्वचित बघायला मिळतो, असं लिहिलंय.'

मी म्हटलं, शक्यच नाही. त्याने होडी देऊन टाकली. एकदाही थांबला नाही तो, प्रत्येक प्रश्नाला 'आज'!

'मेंदू ठणठणीत आहे,' प्रू म्हणाल्या. 'बाकीची वैद्यकीय माहिती तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही.' आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. माझा राग आला असेल. यावाच.

पण मग का? मेंदूत काही नाही, तर मग का?

२२ मार्च

माफी मागायला रॉसच्या घरी गेले. नदीकडच्या खोलीत पलंग लावलाय. स्वादुपिंडाचा कॅन्सर. नोव्हेंबरातच कळलं होतं. कळवलं असतं तर लगेच रजेवर घातलं असतं, समितीतून नाव गेलं असतं. म्हणून अकरा मार्चपर्यंत कोणाकडे बोलायचं नाही, असं त्याने जॉसलिनकडून कबूल करून घेतलं होतं. तिनेच सांगितलं मला, दारात, माझ्या हातातली फुलं न घेता.

आत गेले. सुचेल ते बोलत सुटले – रॉस, तू एकदाही थांबला नाहीस, दर वेळी 'आज' दाबलंस, म्हणून मला वाटलं –

तो हसला. अगदी पूर्वीसारखा, माझ्या मसुद्यात ढोबळ चूक सापडली की हसायचा तसा.

'अगं वेडे, जुलैतले दीडशे डॉलर तू कोणाला देणार होतीस?'