साठ कंद आणि एक खोली

१० ऑगस्ट
केशराचे साठ कंद आले. बायकोचं शिलाई मशीन मागच्या खोलीतून पॅसेजमध्ये हलवलं. तिची कुरकुर: तिथे पुरेसा उजेड नाही, गणवेशांची ऑर्डर अंगावर आहे. म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत फूल आलं नाही तर खोली तुझी, कायमची. ती वेळ येणार नाही.

१२ ऑगस्ट
नर्सरीवाल्याने अक्कल पाजळली. कंद ट्रेमध्ये नुसते मांडून ठेवा, माती नको, पाणी तर अजिबात नको, हवा गार झाली की आपोआप फुलतील म्हणे. जन्मभर कुंड्या विकून डोकंही कुंडीएवढंच राहिलंय. पाण्याशिवाय कधी काही उगवतं का? मी दिवसातून दोनदा घालणार. स्वतः.

१३ ऑगस्ट
एक कंद गडगडत मशीनखाली गेला. बायकोने तो खिडकीतल्या बटणांच्या डब्यात ठेवला. बटणांत केशर! पोट धरून हसलो. राहू दे तिला. एकोणसाठ पुरेत.

६ सप्टेंबर, सकाळी ८
खोलीत वास. कंद रुजत असणार. बायको नाकाला रुमाल बांधून मशीन चालवते. नाटकं.

२ ऑक्टोबर
कंदांवर पांढरी लव. उत्तम लक्षण. पाणी वाढवलं.

२० ऑक्टोबर
केशराचं फूल पहाटे, ऊन चढायच्या आत खुडावं लागतं. उद्यापासून साडेचारचा अलार्म.

२१ ऑक्टोबर, सकाळी ९
अलार्म बिघडलेला दिसतो.

४ नोव्हेंबर
पॅसेजमधून जाताना बटणांच्या डब्यात काहीतरी जांभळं दिसलं. घरभर हिच्या चिंध्या. शिस्त म्हणून नाही.

७ नोव्हेंबर
नर्सरीवाला ट्रे बघून गेला. कंद दाबला तर बोट आरपार. सगळे कुजले म्हणाला. मेल्याची नजरच वाईट. नोव्हेंबर अजून संपलेला नाही.

९ नोव्हेंबर
चहाला सुकलेल्या गवताचा वास. रंगही पिवळट. बायकोला सुनावलं, केशर पिकवणाऱ्याच्या घरात चहा तरी पिण्यालायक असावा. कप मोरीत ओतला.

तिने रिकामा कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, डब्यातल्या कंदाला फूल आलं होतं. तिने ते पहाटे खुडलं, आतल्या तीन काड्या सावलीत सुकवल्या. तीन काड्या दोन कपांना पुरल्या नसत्या, म्हणून तिन्ही माझ्याच कपात घातल्या.

फार लाज वाटली. तरी म्हणून पाहिलं, की फूल आलंच आहे, तेव्हा शर्तीप्रमाणे खोली माझी.

शिलाई मशीन भलतंच जड असतं. एकट्याने उचलून परत मागच्या खोलीत ठेवलं.