नंतर लिहू

सोमवार
नोकरीही मिळाली आणि घरही! वसाहतीत दोन खोल्या, खिडकीतून समोरच ऑफिस. बायको खूश. आमच्या सात वर्षांच्या लेकीनं, छोटीनं तर दुपारपर्यंत सगळे जिने पालथे घातले. माझं काम वसाहतीचा दस्तऐवज सांभाळायचं. त्यात साध्या भाषेत माहिती, खाली कोडचा तुकडा, पुन्हा माहिती, पुन्हा तुकडा. एक तुकडा चालवला की त्याची उत्तरं सेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत, शिल्लक राहतात आणि पुढचा तुकडा ती उचलतो. कुठल्या घरात कोण, कुणाला किती पाणी, सगळं त्यातूनच ठरतं. ऑफिसातल्या मॅडमनी बजावलं, सेशन नऊ वर्षं चालू आहे, बंद करू नका. मला हसूच आलं.

मंगळवार
डोकं फिरलंय. पाणी बावीस घरांना जातं, दस्तऐवजात घरं एकवीस! कुणीतरी तुकडा चालवून मग पुसला, बाविसावं घर मात्र सेशनमध्ये ठाण मांडून बसलंय. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, बाविसात मीच राहतो. इथे घाईत सगळे थेट सेशनमध्येच टाकतात, नंतर लिहू म्हणतात. म्हणजे निस्तरायचं मी!

बुधवार
तुकडे वरून खाली क्रमानं चालवायचे, तर इथे कुणी खालून चालवलेत, कुणी मधूनच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वैतागून सेशन बंद केलं आणि सगळं पहिल्यापासून चालवलं. एकवीस घरं. छान.

काकांची खुर्ची रिकामी होती. मॅडमनी विचारलं, कोण काका? मला थट्टा वाटली. संध्याकाळी काकांच्या घरी बघून आलो. एकवीस नंबरापुढे भिंत आहे. जुनी, शेवाळलेली.

घरी आलो तर बायकोनं दोनच ताटं मांडलेली. छोटी कुठे, विचारलं. म्हणाली, कुणाची छोटी?

गुरुवार
छोटीचे बूट नाहीत. फ्रॉक नाहीत. फोटोत आम्ही दोघंच.

चूक माझीच. सोमवारी आम्हा दोघांना नीट दस्तऐवजात लिहिलं, आणि पोरीला घाईत थेट सेशनमध्ये — नंतर लिहू म्हणून — मी, तिचा बाप —

शुक्रवार
लिहितोय. या वेळी तुकड्यातच. मुलगी. वय सात. उंची माझ्या कमरेइतकी. केस दोन वेण्या. एरर. पुन्हा एरर. एका फालतू स्वल्पविरामापायी अर्धा तास!

डोळे कसे होते? आठवत नाही. हसायची कशी — काल आठवत होतं —

आहे तेवढंच चालवलं.

बायको लाडानं कुणालातरी आत बोलावतेय. तिला काहीच वावगं वाटत नाही. दोन वेण्या. उंची बरोबर. माझ्याकडे पाठ.

चेहरा मी लिहिलाच नाही. थांब. वळू नकोस गं, लिहितो, आत्ता लिहि—