ब्लॉकचे औषध आणि आईचे गुडघे

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, देवठाणा, जि. अकोला

अर्जदार : माणिकराव जानराव इंगोले, मु. बोरखेडी धाकटी

विषय : आपल्याकडे नसलेल्या औषधापायी अडून बसलेल्या आईस दवाखान्यात जाण्याचा हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, 'साठा आल्यावर क्रमाने वाटप करण्यात येईल.'
२) आपल्याकडून आलेली पुडी.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझी मुलगी वच्छला नागपूरला औषधांच्या प्रयोगशाळेत कामास आहे. दिवाळीला आली असता तिने ओसरीवर सांगितले की, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला की सांधे सुजतात व ठणकतात. त्यांचे नवे औषध, एस.टी.त रुमाल टाकावा तशी, ती जागा आधीच धरते. "औषध ती जागा ब्लॉक करते," एवढे ती बोलली आणि घात झाला. आपल्या कार्यालयास आमच्याकडे ब्लॉक म्हणतात, हे साहेबांस ठाऊक आहेच.

दुसऱ्याच दिवशी निम्मे गाव आपापले गुडघे घेऊन आपल्या दारात हजर झाले. माझी आई चतुराबाई बैलगाडीतून सर्वांत पुढे होती. आपल्या लिपिकांनी नाही म्हणण्याऐवजी नावे लिहून घेतली व संदर्भ क्र. १ चे पत्र दिले. आईचा नंबर पहिला लागला.

त्यावर मी वच्छलेस विचारून आपल्याकडे लेखी खुलासा केला की, सदर औषध प्रायोगिक असून सध्या फक्त उंदरांना देतात. माझा अर्ज कृषी विभागाकडे वर्ग झाला आणि उंदरांच्या औषधाची पुडी घरपोच आली! आईने ती कपाळाला लावली. "उंदराचंच हाये ना ते, पोरीनं सांगतलं होतं," म्हणून पाणी मागितले. माझी पत्नी सोजरबाई हिने पुडी हिसकावली नसती तर आज मी वेगळ्याच दाखल्यासाठी अर्ज करीत असतो. आई मात्र सुनेवरच रागावून आहे. "उंदराले भेटते अन् मले काहून नाई?" हे तिचे म्हणणे.

वच्छलेने कळविले आहे की, हे औषध माणसांपर्यंत येईल की नाही ते कोणीच सांगू शकत नाही, आजीला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. आई जागची हलत नाही. "दुसरीकडं गेली तं ब्लॉकातला माहा नंबर जाईन." थंडी वाढली तशी ती आता भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते, आणि ते मला बघवत नाही. ती मुलाचे ऐकत नाही, नातीचे ऐकत नाही. गोल शिक्क्याचे तेवढे ऐकते.

सबब विनंती की, सहीशिक्क्यानिशी एकच ओळ द्यावी : 'चतुराबाई यांचा नंबर कायम ठेवण्यात येत असून तोपर्यंत त्यांनी वाशीमच्या दवाखान्यात गुडघे दाखवावेत.' खोटे लिहावयास सांगतो याची क्षमा असावी. मात्र आधीच्या पत्रावरून पाहता आपल्या कार्यालयास ते जड जाऊ नये.

आईने या अर्जावर अंगठा दिला आहे. "मागणीचाच अर्ज हाये ना?" असे तिने विचारले. मी हो म्हणालो.

शिक्क्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
माणिकराव जानराव इंगोले
दि. १८ डिसेंबर १९७८

निशाणी अंगठा : चतुराबाई

सोबत :
१) उंदरांच्या औषधाची पुडी, न फोडलेली.
२) गुडघ्याला बांधायची लोकरीची पट्टी, एक. ब्लॉकात जागा धरायला आईने स्वतः सोडून दिली आहे. तिच्याकडे दुसरी नाही, तरी हुकमासोबत परत पाठवावी.