एकही तक्रार न करणारा भाडेकरू

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा गुडघा आणि वहिनींचा स्वभाव आता कसा आहे? गुडघ्याचं काळजीनं विचारतोय, स्वभावाचं आदरानं. आम्ही इकडे मजेत आहोत. विनंती विशेष अशी की, दोन-दोन घरं भाड्यानं देऊन तुम्ही रात्री झोपता कसे, याचा मला आता उलगडा झाला आहे.

आमच्या फ्लॅटमधला मागचा भाडेकरू तुम्हाला आठवत असेल (ही त्याला ‘रडगाणं’ म्हणायची). नळ ठिबकला, फोन. दार कुरकुरलं, फोन. तो गेला आणि घर रिकामं पडलं, तेव्हा कर्जाचा हप्ता माझ्या पेन्शनमधून जाऊ लागला आणि घरातला चहा बिनदुधाचा झाला. तुम्ही बजावलं होतंत, भाडं हातात आलं की आधी दुरुस्तीचा आणि रिकाम्या महिन्यांचा वाटा बाजूला काढ, मग उरलेलं आपलं समज. पण तुम्ही पहिल्यापासून भित्रे (अजून कठडा धरून जिना उतरता), म्हणून मी ते कानाआड केलं आणि स्वतःचं डोकं चालवलं. नवे भाडेकरू शाळेत चित्रकला शिकवतात, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्याशी ठरवलं, अकरा महिने एकही तक्रार केली नाहीत तर बाराव्या महिन्याचं भाडं माफ.

दादा, काय सांगू! फोन नाही की निरोप नाही. दुरुस्तीचा खर्च शून्य. हप्ता भागून वर पैसे उरायला लागले, आणि उरलेले पैसे नुसते पडून राहिले की मला करमत नाही. मी एक खुर्ची आणली. मागे रेललं की पाय आपोआप वर उचलणारी. तिच्यात पडल्या पडल्या मी कित्येकदा तुमची कीव केली.

अकरावा महिना संपत आला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या पलंगावर छताचं प्लॅस्टर पडलं होतं (त्या नेमक्या स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या). धावत आमच्या फ्लॅटवर गेलो. नळाला जुन्या शर्टाची बाही गुंडाळलेली, खिडकी दोरीनं दाराच्या कडीला बांधलेली, म्हणजे दार उघडलं की खिडकी मिटायची. न्हाणीघरात गळक्या पाइपाखाली बादल्या, पातेली आणि रंगाचे डबे ओळीनं मांडलेले. सर ओशाळून म्हणाले, “थोडेच दिवस राहिले होते हो, काका.” मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि शेवटी त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मीच एक बादली ओतून आलो.

प्लंबर आणि गवंडी मिळून वर्षाची शिल्लक खाऊन गेले. ही नुसती खुर्चीकडे बघत राहिली. सरांचा महिना तिच्या हुकमानं माफ झाला, आणि सर राहिले, हे महत्त्वाचं. आता करार उलटा आहे, बिघाड वेळेवर कळवला की भाड्यात थोडी सूट. परवा त्यांनी फोन करून सांगितलं, दिव्याचं एक बटण जरा उदास वाटतंय. पण खर्च किरकोळ होतात, हप्ता वेळेवर जातो, चहात दूध आहे. भाडं आलं की पहिला वाटा एका डब्यात पडतो आणि त्या डब्यावर मी तुमचं नाव लिहिलंय (फक्त नाव, गैरसमज नको).

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटा

ता. क. : गवंड्याचे राहिलेले पैसे शनिवारी द्यायचे आहेत. त्या गुडघ्याला पाय वर उचलणारी खुर्ची फार गुणकारी ठरेल, असं मला सारखं वाटतंय. घेतल्या किमतीत देतो, भावाकडून नफा कसला घ्यायचा?

ता. क. दुसरा : ही म्हणते, खरं ते लिहा. तर वर गेलेले पाय खाली आणायला दोन माणसं लागतात, आणि माझी कंबर खुर्चीतून उतरतानाच धरली. पण खुर्चीनं स्वतःहून एकदाही तक्रार केली नव्हती, त्यामुळे मी समजत होतो की सगळं ठीक आहे.