अकोल्याहून ऐकलेली मालिका

आई, तुझ्या मालिकेतल्या त्या दोघांचं मोडलं. मालिकेतलं नाही, खरंखुरं लग्न. आज दुपारी क्लास सुटल्यावर राजापेठेतल्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा मोबाइलवर बातमी आली. दोघांनी मिळून निवेदन काढलं आहे, एकमेकांबद्दलचा आदर कायम आहे वगैरे. आदर कायम आहे तर मोडलं कशाला, असं तू लगेच विचारलं असतंस. मला ही बातमी कुणाला तरी सांगायचीच होती. शेजारी माझ्याच क्लासचे पोट्टे उभे होते, कानात इअरफोन खुपसून कुठल्याशा परदेशी गाण्यावर माना हलवत. त्यातल्या एकाला म्हटलं, "अरे, ते दोघं वेगळे झाले." तो म्हणाला, "कोन ते, सर?" मी नावं सांगितली. त्याला काही उमगलं नाही. अदबीनं म्हणाला, "तुमच्या नात्यातले होते काय?" हो म्हणावंसं वाटलं. पण गणिताचा मास्तर, पन्नाशी उलटलेला, टीव्हीवरच्या जोडप्यासाठी हळहळतो, हे त्या पोराला काय समजावणार! चहाचा ग्लास ठेवला आणि घरी आलो.

आपल्या दर्यापूरला नेमकी तुझ्या मालिकेच्या वेळेला लाइन जायची आणि दिवे, टीव्ही सगळं बंद पडायचं. मग तू अकोल्याला मावशीला फोन लावायचीस, कारण तिच्याकडे तेव्हा लाइन असायची. फोनची लांब वायर ओढून तू चुलीपाशी बसायचीस, रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, हातात भाकरी. मावशी अकोल्यात बघून सांगायची, तू दर्यापुरात ऐकून मला सांगायचीस, आणि मधे स्वतःचं मत घालायचीस. "तो आला. तिनं पानी देल्लं. काहून देल्लं पन? मी असतो तं दारच उघडलं नसतं." यातलं मालिकेत काय घडलं आणि तुझ्या मनात काय घडलं, हे मला कधीच नीट कळलं नाही. नंतर लाइन असताना एखादा भाग प्रत्यक्ष बघितला की तो मला अळणी वाटायचा.

त्या मालिकेतली म्हातारी सासू गेली ते आठवतं? टीव्हीवर ती गेली, तिची तेरवीसुद्धा झाली, पण मावशीनं तुला सांगितलंच नाही. तुझा त्या सासूवर जीव होता. म्हणून मावशी रोज फोनवर सांगायची, "आज झोपली हाये, डोकं दुखून राहिलं तिचं." आख्ख्या महाराष्ट्रात मेलेली बाई आपल्या स्वयंपाकघरात झोपून होती. मग एका संध्याकाळी लाइन गेलीच नाही आणि तू मालिकेतल्या घराच्या भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो पाहिलास. तू फोनवर अशी बरसलीस की मला वाटलं, मावशीचं आणि आपलं आता तुटलं. शेवटी तिचं म्हणणं तू मला सांगितलंस, ओल्या आवाजात: "म्हनते, तुले झोप नसती आली नं बाई." त्यानंतर त्या मेलेल्या बाईचा विषय आपल्याकडे कुणी काढला नाही.

आता लाइन जात नाही फारशी. कुठलाही भाग कधीही बघता येतो, आणि मी बघतो. लग्न काही झालं नाही माझं, तेव्हा रिमोटवरून भांडायलाही कुणी नाही. हल्लीच्या गाण्याच्या स्पर्धा तुला अजिबात आवडल्या नसत्या. आधी मुलाचं गळकं घर दाखवतात, मग त्याची आई रडते, मग परीक्षक रडतात, आणि उरलेल्या वेळात तो गातो. बिचारा चांगला गायला तरी कुणाचं लक्ष नसतं. तू तेव्हाच्या स्पर्धेतल्या त्या जाड्या परीक्षकाला म्हणायचीस तेच मी अजून म्हणतो, "आधी आयक तं बाप्पा, मंग रड!" मालिकांतल्या बायका अजूनही नथ घालून झोपतात. नवीन गाणी सगळीच वाईट नसतात, पण हे मी कुणाशी वाद घालून सांगू? एकट्यानं बघितलं की आपलं मत आपल्यालाच पटत राहतं, आणि त्यात काही मजा नाही.

त्या दोघांनी लग्न केलं तेव्हा त्यांचा पेपरातला फोटो तू कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास. मी म्हटलं, सहा महिने टिकणार नाही, सगळा अभिनय आहे. तू म्हणालीस, "त्याची नजर पाय. तुले नजर कयते काय? हे टिकते." जाईपर्यंत तू त्यावरून माझ्याशी भांडत होतीस. आज मी जिंकलो आहे, आई, आणि मला फार वाईट वाटतंय.

संध्याकाळी न राहवून अकोल्याला फोन लावला. मावशी आता थकली आहे. हल्ली तिला काही आठवतं, काही निसटतं. मी म्हटलं, "मावशी, आईचे ते दोघं वेगळे झाले." ती एकदम ओळखीचं हसली. तुझ्यानंतर मला पहिल्यांदाच कुणी "कोन ते?" असं विचारलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले मालूम हाये. पायलं म्या टीव्हीवर. पन तुह्या मायले नको सांगू आत्ताच. दर्यापूरले लाइन नसन, तिले कुठून समजते! झोप नाई येनार तिले. मीच सांगीन मंग बराबर."

मी तिची चूक काही दुरुस्त केली नाही. "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि रडू आलं, पण आतून बरंही वाटत होतं. अकोल्यातल्या एका घरात तू अजून चुलीपाशी बसली आहेस, लाइन गेलेली आहे, आणि तुझ्यापासून एक बातमी लपवायची आहे.

मावशीला शब्द दिला आहे, तेव्हा हे पत्र इथंच राहील. तू भांडत राहावंस म्हणून मी उलटं बोलायचो. ते दोघं टिकतील, असं मलाही वाटत होतं.