मापाची सायकल

एन-९, सिडको,
छत्रपती संभाजीनगर
५ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्नमाला,

सप्रेम जयभीम. आज शिक्षक दिन, म्हणून आधी बाईंना नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं सुरू होतं न होतं तोच यशू तुझ्या हातातून फोन ओढते. मग मी तिला माऊचा आवाज काढून दाखवतो, मग तिला भूक लागते आणि तू "ठेवते हं" म्हणतेस. नातीवर माझा राग नाही. पण सोयगावला तुझी शाळा होती आणि मी वाळूजला कारखान्यात होतो, तेव्हा आपण पत्रातून जास्त बोलायचो. तू माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून पत्र परत पाठवायचीस. आताही पाठव. वेळ मिळाला तर.

आता बातमी. मी सायकल घेतली. हसू नकोस. साधी नाही, रोड बाइक म्हणतात ती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर आणि वजन इतकं कमी की एका हातानं उचलून जिना चढलो. रंग निळा. बैठकीत तुझ्या शिलाई मशीनशेजारी उभी केली आहे. बद्रीनाथ शेजारून बघायला आले आणि म्हणाले, "साहेबराव, ह्या वयात हे काय काढलं?"

झालं असं, गेल्या रविवारी सकाळी स्कूटरवर दौलताबादला गेलो होतो. काही काम नव्हतं. किल्ल्याखालच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा सायकलवाले बसले होते. हेल्मेटं टेबलावर, तोंडं घामानं लाल, आणि हसणं रस्त्याच्या पलीकडं ऐकू येत होतं. मी लांबूनच बघत होतो. त्यातली एक बाई म्हणाली, "काका, उभे का? या, चहा घ्या." संध्या तिचं नाव, बँकेत आहे, आपल्या सोनियापेक्षा थोडी मोठी. चहा घेतला. रत्ना, कुणाबरोबर बसून चहा प्यायल्याला किती दिवस झाले ते मला आठवेना.

निघताना ती म्हणाली, "आम्ही दर रविवारी असतो. सायकल असली की या तुम्ही."

काल सायकल घेतली. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, हा शेवटचाच पीस आहे, उद्या आलात तर मिळायचा नाही." म्हणून सोडली नाही. परवा पहिला रविवार.

घर विकण्याबद्दल सोनिया बोलली. बघू. तूर्त पाण्याची टाकी धुऊन घेतली आहे. तू सहा महिन्यांसाठी बंगळुरूला सोनियाकडं गेली होतीस, त्याला आता वर्ष उलटलं, पण यशू लहान आहे, मला कळतं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
साहेबराव


२८ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्नमाला,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र आलं नाही, पण तुला वेळ नसतो, त्याचं काही नाही.

माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे. म्हणून मी व्हिडिओ कॉल घेत नाही, साधाच फोन करत जा. दुरुस्त करणारा म्हणतो, दिवाळीनंतर बघू. यशूला सांग, आजोबांचा नुसता आवाज ऐक.

परवा तू म्हणालीस, जावईबापूंना रोड बाइक घ्यायची आहे आणि ते म्हणतात बाबांना विचारा. विश्वजीतरावांनी मला काही विचारावं अशी ही पहिलीच वेळ. म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितो, त्यांना वाचून दाखव.

पहिलं म्हणजे, रंग बघून घेऊ नका आणि शेवटचा पीस म्हटलं तर दुकानातून बाहेर पडा. शेवटी उरलेला पीस बहुतेक वेळा कुणाच्याच मापाचा नसतो. ह्या सायकलींना शर्टासारखी मापं असतात. सीट खालीवर करता येते, पण फ्रेम लांब असली तर ती कमी होत नाही. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी आपल्यापेक्षा दोन मापं मोठी सायकल घेतली. दुकानदारानं सीट खाली करून दिली आणि म्हणाला, "बसली बघा, सर." बसली खरी. पण हँडल इतकं लांब की गृहस्थ त्यावर पालथे पडल्यासारखे. अर्ध्या तासात मान धरायची, तळहात बधिर व्हायचे. आणि खालच्या बाजूला हात गेला की ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचायची नाहीत. हे सगळ्यांत वाईट.

चालवून बघितल्याशिवाय घ्यायचीच नाही. दुकानासमोर दोन चकरा मारून काही कळत नाही, चढ शोधायचा. शर्यतीच्या सायकलींचे गिअर तरण्या पायांसाठी असतात. दौलताबादच्या घाटात ह्या गृहस्थांचे पाय अक्षरशः थांबले, उतरून ढकलावी लागली. मागच्या चाकाला मोठी दातेरी चक्रं असलेली सायकल मिळते, ती मागा. टायरही जरा रुंद घ्या. बंगळुरूचे रस्ते कसे आहेत मला माहीत नाही, आपल्याकडचे तुला माहीत आहेत.

हेल्मेट आणि दिवा सायकल घेतानाच घ्यायचा. नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं. त्या गृहस्थांचं हेल्मेट मात्र होतं, ते बरं झालं.

आणि घाईनं घेऊ नका, असं त्यांना मुद्दाम सांग.

इथं सगळं ठीक. मंडळी चांगली आहेत. पाणी परवा आलं, बद्रीनाथांनी पिंपं भरून दिली. मी म्हटलं होतं मी भरतो, पण ऐकले नाहीत.

तुझा,
साहेबराव


१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

जयभीम.

काल फोनवर तू विचारलंस, "ते गृहस्थ कोण? नाव काय त्यांचं?" आणि मी म्हणालो, तू ओळखत नाहीस. पुढं तू काही बोलली नाहीस. तुझं ते गप्प बसणं मी ओळखतो. वर्गातल्या पोरानं खोटं सांगितलं की तू अशीच गप्प बसायचीस.

ते गृहस्थ मीच.

कॅमेरा बिघडलेला नाही. माझा डावा हात झोळीत आहे आणि तो तुला दिसू नये म्हणून मी कॅमेऱ्याचं सांगितलं. हासळीचं हाड मोडलं आहे, खांद्याजवळचं. ऑपरेशनची गरज नाही, जुळतंय. घाबरू नकोस. आता सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

पहिल्या रविवारी मी मंडळींबरोबर निघालो. पडेगावपर्यंत सोबत होतो, मग ती पुढं गेली. संध्या दोनदा मागं आली, म्हणाली, "काका, सावकाश या, आम्ही टपरीवर थांबतो." मी पोचलो तेव्हा सगळे हेल्मेट चढवत होते. दुसऱ्या रविवारी तसंच. "काका, चहा घेऊन या, आम्ही पुढं होतो," म्हणाले. वाईट कुणी नव्हतं गं त्यात. घरी परतायची घाई होती सगळ्यांना. मी एकटाच बसून चहा घेतला. तिसऱ्या रविवारी ठरवलं, टपरीवर थांबायचंच नाही, थेट घाट चढायचा. ते वेरूळला जाऊन येणार होते, निदान परतताना तरी सोबत होईल.

घाटात पाय थांबले. थोडा वेळ ढकलली, मग वळलो. उतरताना त्या जुन्या दरवाज्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून जीप आली. ब्रेक दाबायला बोटं लांब केली, पोचली नाहीत. पोचली तोवर खडीत गेलो होतो.

रस्त्याकडेला एक म्हातारी सीताफळं विकत होती. कडूबाई नाव. पाटी सोडून ती धावत आली.

"बाबा, उठू नका. हात हालवू नका. पाणी घ्या. घरी कोण हाय?"

"बायको आहे."

"मंग लावा की तिला फोन."

"ती इथं नसते."

"लेकरं?"

"तीही तिकडंच."

ती जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "कधी गेल्या हो बाई?"

मी दुखण्यानं अर्धा बेशुद्ध. म्हणालो, "मागल्या साली."

"अगं माय. कशानं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ओरडलोच, "अहो, बंगळुरूला गेलीय! नातीला सांभाळायला! जिवंत आहे ती!"

"व्हय व्हय," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असू द्या. लई तरास करून घेऊ नका."

रत्ना, पोक्त बाया मौतीच्या घरी बोलतात ना, तसा आवाज होता तिचा. तू जिवंत आहेस हे मला त्या बाईला पटवून देता आलं नाही. तिनं पाटी दुसरीच्या हवाली केली, एक गाडी थांबवली आणि दवाखान्यापर्यंत आली. एक्स-रे होईस्तोवर बाकावर बसून राहिली. जाताना म्हणाली, "बाई असत्या तर ह्या वयात असं मोकळं सोडलं नसतं तुमाला." 

तिथं फोन माझ्या उजव्या हातात होता. तुझं नाव काढून समोर धरलं होतं. दाबलं नाही.

तुला वाटेल, काळजी नको म्हणून. मीही इतके दिवस मनाला तेच सांगत होतो. पण खरं असं आहे की मला भीती वाटली. फोन केला असता आणि तू म्हणाली असतीस, "अहो, यशूचं डे-केअर अजून ठरायचंय, सोनियाला सुट्टी नाही, बद्रीनाथांना बोलावून घ्या," तर? तुझं चुकलं नसतं. पण मग मला कळलं असतं. फोन न करता मला हे तरी म्हणता येत होतं की मी सांगितलंच नाही, नाहीतर ती आली असती.

चार दिवसांनी संध्या खिचडी घेऊन आली. सायकल बैठकीत तशीच होती, हँडलची पट्टी फाटलेली. तिनं मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायला लावलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ही सहा फुटी माणसाची आहे. तुम्ही चालवून नव्हती बघितली?"

"नाही."

"आयुष्यभर कारखान्यात बेअरिंगं मापलीत म्हणता. मग घाई कसली होती?"

काय सांगणार? गुरुवारी घेतली, कारण रविवार तीन दिवसांवर होता. योग्य मापाची मागवली असती तर महिना लागणार होता, म्हणजे आणखी चार रविवार एकट्यानं काढायचे.   मग उठून तिनं भांडी घासली.

सायकल तिनंच नेली, तिच्या बँकेतल्या एका उंच पोराला दिली. डॉक्टर म्हणतात, संक्रांतीनंतर चालवायला हरकत नाही. तेव्हा मापाची घेईन, चढावर चालवून बघून. जावईबापूंना लिहिलेलं सगळं खरं आहे, ते त्यांनी जरूर ऐकावं.

अशोक विजयादशमीला मी बुद्धलेणीवर गेलो नाही. हाताचं निमित्त केलं. खरं तर दरसाल तू पांढरी साडी नेसून पुढं आणि मी मेणबत्त्या घेऊन मागं. एकट्यानं त्या पायऱ्या चढवेनात. घरीच बसून वंदना म्हटली, "साधु साधु" म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

आता मुद्द्याचं. आपण दोघांनी एक गोष्ट कधी एकमेकांना विचारली नाही. सोनिया घर विकण्याचं बोलते, मी "बघू" म्हणतो, तू फोनवर विषय बदलतेस. तुला तिथं बरं वाटतंय, हे मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. बागेतल्या बाया, यशूचं बोबडं बोलणं, सोनियाशी रात्रीच्या गप्पा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुझा आवाज असा झाला नव्हता. मी तिथं आलो होतो तेव्हा महिनाभर अकराव्या मजल्यावरून खाली बघत बसलो आणि रुसून परत आलो. तू थांब म्हणाली नाहीस. त्याचा अर्थ मी काय लावायचा, ते अजून मला कळलेलं नाही.

म्हणून विचारतो. रत्ना, तू परत येणार आहेस का?

माझ्या हाडासाठी येऊ नकोस. ते जुळतंय, स्वयंपाक जमतो, पिंपं बद्रीनाथ भरतात. तुला इथं राहावंसं वाटत असेल तर ये. आणि वाटत नसेल तर तसं लिही. मग मी घराचं काय ते ठरवतो आणि तिकडं येतो. ह्या वेळी पाहुणा म्हणून नाही येणार, आणि रुसणार नाही. दोन्हींतलं काहीही चालेल. हे न विचारलेलं मात्र आता चालत नाही.

सोनियाला माझ्या हाताचं तूच सांग. ती चिडेल, चिडू दे. पण उत्तर फोनवर देऊ नकोस. कागदावर दे, तुझ्या अक्षरात. दोनच ओळी असल्या तरी पुरे.

तुझा नवरा,
साहेबराव